मागच्या खोलीतलं विषुववृत्त

भूगोलाच्या पेपरात एक प्रश्न दर एक-दोन वर्षांनी हमखास येतो. भौगोलिक कारणे लिहा: विषुववृत्तीय प्रदेशात हवेचा दाब कमी असतो आणि पाऊस भरपूर पडतो. मी पालमच्या एका शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवते, त्यामुळे याचं उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. विषुववृत्तावर सूर्याची किरणं वर्षभर जवळजवळ लंबरूप पडतात, म्हणून तिथली जमीन आणि पाणी खूप तापतं आणि त्यांच्यालगतची हवाही तापते. तापलेली हवा प्रसरण पावते, हलकी होऊन वर जाते, म्हणून खाली दाब कमी होतो. दाब कमी झाला की दोन्ही बाजूंनी वारे तिकडे येतात आणि सोबत बाष्प आणतात. वर गेलेली हवा थंड होते, बाष्पाचं पाणी होतं आणि दुपारनंतर धो धो पाऊस कोसळतो. चार मुद्दे, चार गुण. मुलांकडून मी हे इतक्या वेळा म्हणवून घेतलं आहे, की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनाही ते पाठ झालं आहे.

माझ्या नाकावर राग असतो, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. खडू मोडला तरी मला राग येतो. उत्तरातला 'प्रसरण' शब्द कुणी विसरलं, तर मी त्याला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावते. हा धडा मला पुरता येतो, असा माझा समज होता. आणि तरीही मी स्वतःच्या घरात अशी एक खोली बांधून घेतली, की तिच्यापायी माझी आई घर सोडून गेली. ती परत येईल की नाही, हे अडीच-तीन महिने मला कळत नव्हतं.

आईला मी माय म्हणते. मी तिची एकुलती एक. बाबा गेल्यापासून ती गावाकडच्या दोन खोल्यांच्या घरात एकटी राहायची. गाव पालमपासून एसटीनं पाऊण तासावर. घर माळवदाचं, म्हणजे लाकडांवर माती घालून केलेल्या सपाट छताचं. स्वयंपाकाच्या खोलीत चुलीच्या बरोबर वर छताला हातभर चौकोनी भोक ठेवलेलं आहे. आमच्याकडे त्याला सानं म्हणतात. त्यातून उजेड आत येतो आणि धूर बाहेर जातो. पावसाळ्यात मात्र आभाळ भरून आलं की कुणीतरी शिडीनं वर जाऊन सान्यावर पत्रा टाकायचा आणि उघडीप झाली की काढायचा. लहानपणी हे काम माझ्याकडे होतं, मी नोकरीला लागल्यावर ते बाबांकडे गेलं आणि बाबांच्या मागे मायकडे.

एका श्रावणात पत्रा टाकून उतरताना माय शिडीवरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. शेजारणीचा फोन आला तेव्हा मी नेमकी नकाशा भरून घेत होते. वर्ग तसाच सोडून निघाले. गंगाखेडच्या दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत मी बाकावर बसून होते आणि बसल्या बसल्या मला मायचा राग आला, शिडीचा राग आला आणि सगळ्यात जास्त राग त्या भोकाचा आला. या जमान्यात छताला भोक ठेवून कोण राहतं, असं मी डॉक्टरांनाही ऐकवलं. त्यांनी मान हलवली आणि पुढचा पेशंट बोलावला.

त्याच दिवसांत पालमला आमच्या घराचं बांधकाम चाललं होतं. घराच्या मागच्या बाजूला चुलीसाठी एक छोटी खोली काढायची ठरली होती. गॅस आहेच, पण आंघोळीचं पाणी चुलीवर तापवलं की बरं पडतं, आमच्या शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या नाहीतरी बांधावर पडूनच असतात. त्या खोलीच्या स्लॅबच्या सळया बांधायच्या आदल्या दिवशी मिस्त्री माझ्याकडे आला.

"मॅडम, चूल ठिवायची म्हनता, तर वरी धुराडं सोडू का? आताच सांगा."

"भोक बिलकूल ठेवायचं नाही," मी म्हटलं. "पावसाळ्यात गळतं."

"गळत न्हाई. चार इटाचा कठडा करू, वरी टोपन बसवू."

"मिस्त्री, मला शिकवू नका."

त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकला. माझे पती पंचायत समितीत लिपिक आहेत, स्वभावानं थंड. ते म्हणाले, अगं तो रोज घरं बांधतो, त्याला विचार तरी कर. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि त्यांनी विषय सोडला. स्लॅब पडला. एक दरवाजा, कंबरेइतक्या उंचीवर एक लहान खिडकी, आणि वर सुईलाही जागा नाही असा घट्ट स्लॅब. मला फार समाधान वाटलं. हा स्लॅब कधी गळणार नाही, असं मी घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

दिवाळीच्या आधी आम्ही राहायला गेलो. मुलगी शिकायला नांदेडला, घरात आम्ही दोघंच. मायला कायमचं आणायचं मी ठरवून टाकलं होतं, पण ती तयार होईना. लेकीच्या घरी चार दिवस जावं, पाचव्या दिवशी पिशवी उचलावी, हे तिच्या पिढीचं पक्कं आहे. तिच्या आईनं तर माझ्या मावशीच्या घरी कधी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी रडले, भांडले, जेवले नाही. तेव्हा माय म्हणाली, "येते. पन तुज्याकडं बसून खानार न्हाई. सकाळचं पानी मी तापवनार आन् भाकरी मी करनार. ते जमत आसंल तर बोल."

मी लगेच हो म्हटलं. मनगट आता बरं झालं होतं. मला वाटलं, करू दे, तिचाही वेळ जाईल.

ती रोज पहाटे उठायची. दोन मोठी पातेली पाणी तापवायची, मग त्याच आरावर ज्वारीच्या भाकरी टाकायची. आम्ही दोघं आवरून निघायच्या आत डबे भरलेले असायचे. माझ्या पतींना कितीतरी वर्षांत इतकी मऊ भाकरी मिळाली नव्हती, हे त्यांनी मला मुद्दाम दोनदा ऐकवलं. घरात मायचा वावर होता आणि मला शाळेतून घरी येताना बरं वाटायचं. हे मी तिला कधी म्हणाले नाही, पण वाटायचं खरं.

मग तिला खोकला सुरू झाला. आधी सकाळपुरता, मग दिवसभर. डोळे लाल. मी डॉक्टरांचं औषध आणलं, हळदीचं दूध दिलं, आणि त्याच्याबरोबर रोज बोलणीही दिली. "माय, गॅस हाय ना घरात? त्या चुलीचा एवढा कसला सोस? सारखी खोकायलीस." ती म्हणायची, "थंडीचं हाय. जाईल." भाकरी करताना ती खिडकीच्या खालच्या कडेशी तोंड नेऊन बसायची, ते मी पाहिलं होतं. बाहेर कोण जातंय येतंय ते बघायची हौस असेल, असं मला वाटलं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

पौषात थंडी वाढली. एके दिवशी सकाळी मी चहाचं दूध तापवायला मागच्या खोलीत गेले, तर माझ्या मानेवर थंडगार थेंब पडला. वर बघते तर स्लॅबला थेंब लटकलेले, रांगेनं, आणि एकेक सुटून खाली पडत होता. मायनं पिठाच्या परातीवर फडकं झाकलं होतं आणि भाकरीच्या टोपल्यावर उलटं ताट. म्हणजे हे तिला नवं नव्हतं. अंगणात येऊन आभाळाकडे बघितलं, तर ढगाचा ठिपका नाही.

माझं डोकं फिरलं. वर्षसुद्धा झालं नाही आणि स्लॅब गळतो. वर पाण्याची टाकी आहे, तिचं पाणी मुरत असणार. मी पतींना झोपेतून उठवलं, शाळेला उशीर होईल म्हणून कळवलं आणि मिस्त्रीला फोनवर जे बोलायचं ते बोलले. तो बिचारा तासाभरात आला. शिडीनं वर गेला. टाकी बघितली, पाइप बघितले, त्या खोलीच्या स्लॅबवर उकिडवा बसून हात फिरवला. मग खाली आला, मागच्या खोलीत गेला, चुलीवरच्या पातेल्यांकडे बघितलं आणि वर बघितलं.

"मॅडम, वरून ठनठनीत कोरडं हाय," तो म्हणाला. "हे वरचं पानी न्हाई. हे खालचंच हाय. ह्या पातेल्यातलं."

त्यानं मला धुराड्याची आठवण करून दिली असती, तर मला तरी भांडता आलं असतं. त्यानं ती करून दिली नाही, चहा घेतला आणि गेला. मी तिथेच उभी राहिले. पातेल्यातून वाफ वर जात होती, थंड स्लॅबला लागत होती, तिचं पाणी होत होतं आणि ते खाली पडत होतं. चौथा मुद्दा माझ्या मानेवर पडला होता आणि मी तो टाकीचा समजले होते.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय करायचं असतं, ते मला आता कळतं. तेव्हा मी खजील झाले होते आणि खजील झाले की मी तोंड सोडते. मायला म्हणाले, "रोज दोन दोन पातेली कशाला तापवायलीस? आजच गिझर आणते. आन् भाकरीचं माझं मी बघते गॅसवर. तू आता निवांत बस." मला वाटत होतं, हे मी तिच्या भल्याचं बोलते आहे.

माय काहीच बोलली नाही. त्या संध्याकाळी गिझर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबलं, नळाला गरम पाणी आलं, आणि माय पिशवी भरून ओट्यावर बसलेली होती. "संक्रांत हाय. घराकडं बघून येते. चार दिवसांत येते," ती म्हणाली. मी तिला स्टँडवर सोडलं. बस सुटताना तिनं खिडकीतून हात केला आणि चार दिवसांत येते असं पुन्हा म्हणाली, तेव्हाच मला कळायला हवं होतं की ती येणार नाही.

संक्रांत झाली, रथसप्तमी झाली, महाशिवरात्र झाली. फोनवर ती रोज नवं कारण सांगायची. शेजारणीची सून बाळंतीण आहे, ज्वारी काढायला आली आहे, माळवदावर माती टाकायची आहे. मी दोनदा आवाज चढवला. तिसऱ्या वेळी तिनं फोन शेजारणीच्या हातात दिला. मग मीही हट्टाला पेटले. नसेल यायचं तर राहू दे, असं पतींना म्हणत होते आणि दर शनिवारी कॅलेंडरकडे बघत होते. तिचं वय सत्तरीच्या पुढे, घरात ती एकटी, आणि पावसाळा आला की ती पुन्हा त्या शिडीवर चढणार. दिवसा मला तिचा राग यायचा आणि राग संपला की भीती वाटायची.

मार्चच्या शेवटी शाळा सकाळची झाली. ऊन असं की नऊ वाजता खिडक्यांचे गज तापायचे. मी सातवीला वायुदाब पट्ट्यांची उजळणी घेत होते. चारही मुद्दे फळ्यावर लिहून झाले, मुलांनी एका सुरात म्हणून दाखवले. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. शेजारच्या गावाहून बसनं येते, एरवी फारशी बोलत नाही.

"मॅडम, ऊन लय आसलं की हवा वरी जाते आन् पाऊस पडतो. मग आपल्याकडं तर लय ऊन हाय. आपल्याकडं कामून पाऊस पडायला न्हाई?"

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. बाष्प हा शब्द मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिला होता, समोर फळ्यावर तो होताही, पण त्या क्षणी मला काही सुचलं नाही. "पुस्तकात आहे तेवढं लिही. बस खाली," मी म्हणाले. ती बसली आणि वहीत माझे चार मुद्दे लिहायला लागली. तिचा चेहरा पाहून मला माय आठवली. मी गिझर आणते म्हणाले तेव्हा ती अशीच गप्प बसली होती.

पुढच्या रविवारी मी पहिली एसटी पकडली.

पोचले तेव्हा माय भाकरी टाकत होती. मला बघून तिनं पीठ आणखी घेतलं, बाकी काही विचारलं नाही. मी तिच्यासमोर पाटावर बसले. सान्यातून उन्हाचा चौकोन भिंतीवर पडला होता आणि त्या उन्हात धूर सरळ वर जाताना दिसत होता. रेंगाळत नव्हता, पसरत नव्हता, वर जाऊन बाहेर. आणि दरवाजाखालच्या फटीतून माझ्या पायांना गार हवा लागत होती. मी पाय उचलून घेतले, पुन्हा खाली ठेवले. हवा येतच होती, चुलीच्या दिशेनं.

मला सगळं एकदम दिसलं. चुलीवरची हवा तापून वर जाते, सान्यातून निघून जाते, तिची जागा रिकामी होते आणि ती भरायला दाराखालून बाहेरची हवा आत येते. मी मुलांना नकाशावर बाण काढून दाखवते, दोन्ही बाजूंनी विषुववृत्ताकडे येणारे वारे, तेच इथे माझ्या पायाला लागत होते. विषुववृत्तावरच्या हवेलाही वर मोकळीक असते. ती वर जाते, जाता जाता थंड होते, पाऊस टाकते आणि मग उत्तरेला आणि दक्षिणेला निघून जाते. फार लांब जाऊन कोरडी होऊन खाली उतरते, आणि उतरते तिथे वाळवंटं आहेत. माझ्या खोलीत हवा वर जायची, पण तिला निघायला वाटच नव्हती. ती धूर घेऊन स्लॅबला अडायची आणि परत मायच्या तोंडावर यायची. लहानपणापासून मी या सान्याखाली जेवले होते आणि मोठी होऊन त्याच्यावरच रागावले होते.

तव्यावरची भाकरी फुगली. माय तिच्यावर बोट दाबून वाफ काढत होती. एवढ्या वेळात ती एकदाही खोकली नव्हती.

"ते पानी तापवायचं यंत्र नीट चालायलंय का?" तिनं विचारलं.

"चालायलंय."

"बरं झालं."

"माय, तू कामून आलीस निघून?"

तिनं भाकरी उतरवली. "पानी तापवत होते, भाकरी करत होते, तवर माजं मन खात न्हवतं. तू म्हनलीस निवांत बस. लेकीच्या घरात निवांत बसून खायचं मला जमत न्हाई, बाई."

"आन् धुराचं? एवढं खोकत होतीस, मला सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? जावयानं नवं घर बांधलं, त्याला भोक पाडा म्हनू?" ती म्हणाली. "पोराचं घर आसतं तर पयल्या दिवशी म्हनले आसते."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तिच्या मनात मी लेक होते आणि म्हणून तिनं सगळा हिवाळा धूर गिळला होता. पाहुण्यानं घरच्यांना नावं ठेवायची नसतात, एवढंच ती पाळत होती. आणि मी तिला रोज चुलीच्या सोसावरून बोलत होते.

"ह्या सान्यानंच तुजा हात मोडला, म्हनून मी भोक ठेवू दिलं न्हाई," मी म्हटलं.

"सान्यानं न्हाई मोडला," ती म्हणाली. "शिडीनं मोडला."

जेवताना मी तिला शाळेतल्या मुलीचा प्रश्न सांगितला. तिला विषुववृत्त माहीत नाही. पृथ्वीच्या मधोमध एक पट्टा आहे, तिथे लय ऊन आणि रोज पाऊस, आणि आपल्याकडे तेवढंच ऊन पण पाऊस नाही, असं सांगितलं. मला वाटलं, ती देवावर टाकेल. ती कोरड्यासाचं, म्हणजे पातळ भाजीचं, भांडं माझ्याकडे सरकवत म्हणाली, "तुज्या घरी मागच्या खोलीत रोज गळायचं. पन येखाद्या दिवशी पानी न तापवता नुसत्या भाकरी केल्या, तर गळायचं न्हाई. तवा कितीबी तापू दे. वरी काय पडंल? पातेल्यात पानी पायजे ना."

मी घास हातात धरून बसले. चैत्र-वैशाखात आमचा परभणी जिल्हा म्हणजे नुसता तापलेला तवा. हवा तापते, वर जाते, दाब इथेही कमी होतोच, पण त्या हवेत पाणी नसतं. विषुववृत्तावर समुद्र आहेत, दमट रानं आहेत, तिथे पातेलं कायम भरलेलं. आणि आपल्या तव्याचं तापणंही फुकट जात नाही. तापून तापून दाब उतरतो, तेव्हाच तो समुद्रावरचे ओले वारे इकडे ओढून घेतो, आणि मग पाऊस. हे सगळं पुस्तकात आहे. मी ते वेगवेगळ्या धड्यांत, वेगवेगळ्या गुणांसाठी शिकवत आले होते.

"चल माज्यासंगं," मी म्हटलं.

"बगू," माय म्हणाली. ती बगू म्हणते तेव्हा बहुतेक वेळा नाही असं असतं.

सोमवारी मी सातवीच्या वर्गात गेले आणि त्या मुलीला उभं केलं. ती घाबरली. मी म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर होता आणि मी तुला गप्प बसवलं, ते चुकलं." मग मी फळ्यावर तवा काढला आणि शेजारी पातेलं काढलं. मुलांनी दहा मिनिटांत जे समजून घेतलं ते मी बावीस वर्षं पाठ करून घेत होते. एकानं विचारलं, मग विषुववृत्तावर स्लॅब कुठं आहे, पाणी कशाला लागून गार होतं? मी सांगितलं की तिथे स्लॅब लागत नाही, हवा वर गेली की पसरते आणि पसरता पसरता स्वतःच गार होते. ती मुलगी खाली बसताना किंचित हसली. तेवढं मला पुरलं.

शाळा सुटल्यावर मी मिस्त्रीला फोन केला. या वेळी हळू आवाजात. तो आला, स्लॅबवर खडूनं चौकोन आखला. मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही आधीच म्हणाला होता." तो म्हणाला, "म्हनलो होतो खरं," आणि कामाला लागला. पतींनी नव्या स्लॅबवर घण पडताना डोळे मिटून घेतले, पण अडवलं नाही. हातभर चौकोन पाडला, सळया तशाच ठेवल्या, भोवती चार विटांचा कठडा केला. आत उन्हाचा चौकोन पडला. गिझर मी काढून टाकला नाही, पण त्याचं बटण बंद केलं आणि मायला फोन लावला.

"माय, गिझर बंद हाय. जावई गार पान्यानं आंघोळ करायलेत. भाकरीबी मला धड जमंना."

"आन् धूर?" तिनं विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

"सानं पाडलंय. येऊन बघ."

ती पाडव्यानंतरच्या बुधवारी आली, तीच पिशवी घेऊन. पाणीसुद्धा न पिता मागच्या खोलीत गेली. चुलीत पऱ्हाट्या लावल्या, काडी ओढली, आणि मान वर करून धुराकडे बघत बसली. धूर आधी जरा घोटाळला, मग त्याला वाट सापडली आणि तो सरळ वर गेला. मी दारात उभी होते. माझ्या पायांवरून गार हवा आत जात होती. ती आता काय म्हणेल, चार दिवस म्हणेल की आठ, याकडे माझा जीव लागला होता. मी तिला काही विचारलं नाही. मला ते जमलं याचंच नवल.

मायनं चुलीवर पातेलं चढवलं, पदरानं हात पुसले आणि पुन्हा वर बघितलं.

"मिस्त्रीला बोलव," ती म्हणाली. "पाऊस सुरू व्हायच्या आधी ह्याला झाकन बसवून घे. दोरीनं खालून वडायचं कर. मी आता शिडी चढनार न्हाई."